कुणाचं? : एका इंग्रजी शब्दाच्या गोतावळ्याची प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी पशुपालनावरच्या एका इंग्रजी माहितीपुस्तिकेचं मराठी करून देण्याचं काम माझ्याकडे आलं. चारा, लसी, गाईंची निवड असा सरळसोट मजकूर होता. त्यात एक शब्द पानोपानी भेटत होता : ऑफस्प्रिंग. मी कोश उघडला, 'अपत्य' हा अर्थ मिळाला, आणि निर्धास्तपणे लिहून टाकलं : 'उत्तम वळूपासून झालेली गाईची अपत्ये अधिक दूध देतात.'

छपाईआधी तो मजकूर एका जुन्याजाणत्या गोठेवाल्यांना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "साहेब, गाईला अपत्य होत नाही. गाय विते. झाली तर कालवड, नाहीतर गोऱ्हा. अपत्य तलाठ्याच्या कागदात असतं." मग थोडं थांबून, "आणि दूध देणार ती कालवड. गोऱ्ह्याचं काय काढता?"

एका वाक्यात माझ्या दोन चुका निघाल्या होत्या. एक भाषेची, दुसरी गोठ्याची. आणि दुसरी पहिलीमुळेच झाली होती. 'अपत्य' या शब्दानं कालवड आणि गोऱ्हा यांतला फरक झाकून टाकला, म्हणून वाक्यातला वेडेपणा मला दिसला नाही. मुळात त्या मजकुराला सांगायचं होतं ते वेगळंच. वळू स्वतः दूध देत नाही, म्हणून त्याची पारख त्याच्या लेकींच्या दुधावरून करतात. एवढं कळल्यावर मराठी वाक्य सोपं झालं : 'वळू कसा आहे ते त्याच्या कालवडी व्यायल्यावर कळतं.' त्यात ऑफस्प्रिंगसाठी वेगळा शब्द उरलाच नाही, आणि अर्थ मात्र पुरा आला.

त्या दुरुस्तीच्या पोटी ही पुस्तिका जन्मली. इंग्रजी शिकणाऱ्या आणि इंग्रजीतून मराठी करणाऱ्या वाचकासाठी एका शब्दाची आणि त्याच्या भावकीची वाक्यं इथे गोळा केली आहेत. एका शब्दासाठी अख्खी पुस्तिका कशाला, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर या प्रस्तावनेत द्यायचं आहे.

आधी शब्दाची घडण पाहू. ऑफस्प्रिंग हा जुना, घरचा इंग्रजी शब्द आहे. लॅटिनमधून किंवा फ्रेंचमधून आलेला नाही. त्याचे दोन तुकडे सरळ दिसतात. 'ऑफ' म्हणजे -पासून, -मधून. 'स्प्रिंग' म्हणजे उसळणं, उडी घेणं, फुटून वर येणं. जमिनीतून उसळणारा झरा तो स्प्रिंग आणि झाडांना पालवी फुटते तो वसंत ऋतूही स्प्रिंग. तेव्हा ऑफस्प्रिंग म्हणजे कुणापासून तरी उसळून आलेलं, कुणातून तरी फुटलेलं.

आता आपला 'अपत्य' घ्या. संस्कृतातल्या 'अप' या उपसर्गाचा अर्थ 'दूर, -पासून', आणि त्यावर 'त्य' हा प्रत्यय. 'नित्य' आणि 'अमात्य' यांत आहे तोच. यास्काच्या निरुक्तात या शब्दाच्या दोन उपपत्ती दिल्या आहेत : जे पित्यापासून दूर पसरतं ते अपत्य, किंवा ज्याच्यामुळे माणूस पडत नाही ते अपत्य. यांतली पहिली भाषाशास्त्राच्या जवळ जाते. आणि खरी गंमत पुढे आहे. संस्कृत 'अप', ग्रीक 'अपो', लॅटिन 'अब' आणि इंग्रजी 'ऑफ' ही चारही एकाच आदिभाषेतल्या एकाच शब्दाची लेकरं आहेत. म्हणजे हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी संततीला नाव देताना एकाच टोकाला हात घातला : ते काय आहे हे सांगितलंच नाही, ते कुणापासून आलं एवढंच सांगितलं.

या शब्दाच्या वाक्यातल्या वागणुकीची किल्ली इथे आहे. 'रस्त्यावर एक मूल रडत होतं' हे वाक्य कुणीही लिहील. 'रस्त्यावर एक अपत्य रडत होतं' हे वाचताच हसू येतं. इंग्रजीतही तसंच : रस्त्यावर चाइल्ड रडतं, ऑफस्प्रिंग रडत नाही. कारण मूल हे नुसतं दिसतं; अपत्य दिसत नाही, ते कुणाचं तरी असावं लागतं. 'पाटलांची तीन अपत्ये', 'वाघीण आणि तिची पिल्लं', 'या दोन वाणांची संतती' अशा वाक्यांत षष्ठीचा प्रत्यय किंवा तिचं-त्याचं हे सर्वनाम जवळपास असतंच. इंग्रजी वाक्यात ऑफस्प्रिंग दिसला की आधी मागे वळून त्याचा धनी शोधावा. तो सापडला की मराठी शब्द निम्मा सापडला.

वयाचंही तसंच. पिल्लू, बाळ, वासरू या शब्दांना वय असतं. वासराचा बैल झाला की त्याला वासरू म्हणणं थांबतं. ऑफस्प्रिंगला वय नाही. पंच्याऐंशी वर्षांच्या आजींचा साठ वर्षांचा मुलगा हाही त्यांचा ऑफस्प्रिंगच. उलट इंग्रजीत 'यंग' हा शब्द नाम म्हणून येतो तेव्हा लहानपणच महत्त्वाचं असतं : पक्षी आपल्या 'यंग'ना चारा भरवतो. तिथे पिल्लं म्हटल्याशिवाय गत्यंतर नाही.

आता व्याकरणाची खोच. ऑफस्प्रिंगचं अनेकवचन बहुधा ऑफस्प्रिंगच राहतं, जसं शीपचं शीप आणि डिअरचं डिअर. आपल्याकडे शेवटी एस जोडून 'ऑफस्प्रिंग्ज' लिहिण्याची सवय दिसते. इंग्रजीच्या नेहमीच्या लेखनात तसं करत नाहीत. एकच मूल असो की बारा पिल्लं, शब्द तोच, क्रियापद मात्र बदलतं : एकासाठी इज, अनेकांसाठी आर. मुलांना हे लक्षात ठेवायचं असेल तर 'द ऑफस्प्रिंग' या अमेरिकन पंक रॉक बँडचं नाव सांगावं. 1994 साली 'स्मॅश' हा त्यांचा अल्बम गाजला. वाजवणारे अनेक, पण नावात एस नाही.

मराठीत हीच अडचण दुसऱ्या बाजूनं येते. 'संतती' हा समूहवाचक शब्द आहे. 'तिची संतती वाढली' हे ठीक, पण 'तिला तीन संतती झाल्या' असं कुणी बोलत नाही. मोजायचं असेल तर अपत्यं, पिल्लं, मुलं, लेकरं. इंग्रजी वाक्यात ऑफस्प्रिंगच्या आधी आकडा असेल तर संतती बाजूला ठेवावी, हा साधा नियम पुढच्या पानांवर वारंवार कामी येईल.

या शब्दाची इंग्रजीतली भावकी मोठी आहे आणि तिच्यात प्रत्येकाचं घर वेगळं आहे. प्रोजेनी पैदाशीच्या आणि शास्त्राच्या लेखनात रुळला आहे. ब्रूड म्हणजे एका वेळी उबवून काढलेली पिल्लं. माणसाच्या मुलांना तो शब्द लावला की किंचित नाक मुरडल्यासारखं होतं. मराठीत नेमकी तीच मुरड 'पिलावळ' या शब्दात आहे : 'सगळी पिलावळ घेऊन जेवायला आले.' लिटर या शब्दाचा मूळ अर्थ अंथरूण, गवताचा बिछाना. त्या बिछान्यावर एकदम जन्मलेली पिल्लं, म्हणून लिटर. त्याला गोठ्यातला शब्द तयार आहे : वेत. 'पहिल्या वेताची म्हैस' जसं म्हणतात तसंच 'कुत्रीला एका वेताला सहा पिल्लं झाली'. कोशात लिटरसमोर कचरा हा अर्थ दिसतो म्हणून पिल्लांच्या वाक्यात कचरा आणणारे भाषांतरकार मी पाहिले आहेत. सायन म्हणजे कलम करण्यासाठी घेतलेली काडी. कोकणातल्या आंब्याच्या बागेत तिला कलमकाडी म्हणतात. तोच शब्द इंग्रजीत मोठ्या घराण्याच्या वारसासाठीही वापरतात. जुन्या खोडाचा जोम नव्या काडीत चालवायचा, हा भाव दोन्हीकडे एकच.

कायद्यातला इश्यू हा सर्वांत फसवा. त्याचा मूळ अर्थ बाहेर पडणं, म्हणून बाहेर आलेला अंक, समोर आलेला मुद्दा आणि पोटी आलेलं मूल अशा तिन्ही अर्थांनी तो चालतो. जुन्या मृत्युपत्रात किंवा निकालात अमुक गृहस्थ 'विदाउट इश्यू' वारले असं असेल, तर ते कुठल्याही वादाविना वारले असा त्याचा अर्थ नाही. ते निःसंतान वारले. या एका चुकीनं वारसाहक्काचा अर्थ उलटा होऊ शकतो.

डिसेंडंट हा ऑफस्प्रिंगचा भाऊ खरा, पण दूरचा. ऑफस्प्रिंग बहुधा लगतच्या पिढीपुरता. डिसेंडंट म्हणजे खाली उतरत गेलेल्या कुठल्याही पिढीतला. मराठीत अपत्य आणि वंशज यांत हाच फरक आहे. हा विचार जुना आहे. पाणिनीनं अपत्यवाचक नामांसाठी प्रत्ययांची मोठी व्यवस्था लावली; रघूचा तो राघव, दशरथाचा दाशरथी, कुंतीचा कौंतेय, पांडूचे पांडव ही नावं त्याच व्यवस्थेतली. आणि नातवापासून पुढच्या संततीला त्यानं 'गोत्र' अशी वेगळी संज्ञा दिली. मुलगा एका खणात, नातवापासून पुढे दुसऱ्या. आपण पुढे आणखी मोजत गेलो : नातू, पणतू, खापरपणतू. इंग्रजीत पिढीगणिक 'ग्रेट' जोडत जावं लागतं. मराठीत निदान तीन पिढ्यांना स्वतंत्र नावं आहेत.

इंग्रजी शब्दांत वंश खाली उतरतो, मराठीत तो वर चढतो. 'वंश' म्हणजे मुळात बांबू : एकेक पेर फुटत उंच जाणारा. 'संतती' आणि 'संतान' यांच्या मुळाशी 'तन्' हा धातू आहे, ताणणं, लांबवणं. त्यातूनच तंतू आला, तनय आला. म्हणजे संततीत तुटू न दिलेला धागा आहे, वंशात पेरं आहेत, अपत्यात 'पासून' आहे. तिन्ही शब्द कोशात एकमेकांसमोर समानार्थी म्हणून छापले जातात. वाक्यात मात्र जागा बदलून बसवले की अवघडतात.

मराठीचं खरं वैभव मात्र या तत्सम शब्दांत नाही, गोठ्यात आणि अंगणात आहे. गाईचं वासरू, म्हशीचं रेडकू किंवा पारडू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोड्याचं आणि गाढवाचं शिंगरू, हरणाचं पाडस, कोंबडीचं आणि कुत्रीचं पिल्लू. शाळेत हे आपण पाठ केलेलं असतं, पण एक गोष्ट तेव्हा कुणी दाखवत नाही : हे सगळे शब्द नपुंसकलिंगी आहेत. माणसाची मूल, बाळ, लेकरू हीसुद्धा. मोठेपणी बैल 'तो' होतो, गाय 'ती' होते. तोवर ते 'ते' असतं. हिंदीनं नपुंसकलिंग गमावलं. मराठी, गुजराती आणि कोंकणी यांनी राखलं. गोव्याच्या कोंकणीत तर मुलगी या अर्थाचा 'चेडूं' हा शब्दही नपुंसकलिंगी चालतो. मराठी आई थकून झोपलेल्या मोठ्या मुलाबद्दल 'दमलंय गं ते पोर' म्हणते, तेव्हा त्या 'ते'नं त्याचं वय पुसून टाकलेलं असतं. इंग्रजीतल्या ऑफस्प्रिंगलाही लिंग नाही, पण त्यात ही माया नाही. तिथे लिंग नसणं ही सोय आहे, इथे तो जिव्हाळा आहे.

पुढे वाढीच्या पायऱ्या लागतात. वासराची कालवड किंवा गोऱ्हा, म्हशीची वगार, शेळीची पाट, कोंबडीची तलंग. शेतात उतरलं की केळीचे मुनवे, उसाचे फुटवे, हळदीचे जेठे गड्डे आणि त्यांना फुटलेले बगल गड्डे. शेतकऱ्याच्या भाषेत झाडालाही थोरला-धाकटा आहे.

या नेमकेपणाचा उत्तम नमुना म्हणजे राम पटवर्धनांचं 'पाडस'. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या 1938 सालच्या 'द यर्लिंग' या कादंबरीचं ते भाषांतर. यर्लिंग म्हणजे वर्षभराचं जनावर. शब्दशः जायचं तर मराठीत वर्षभराच्या प्राण्याला असं सर्वसाधारण नाव नाही. पटवर्धनांनी प्राणी कुठला ते पाहिलं आणि पाडस घेतलं. शीर्षकातलं वय गेलं, कोवळेपण आलं. दुसरीकडे शिवाजी सावंतांनी संभाजी महाराजांवरच्या कादंबरीला 'छावा' हे नाव दिलं. छावा हा या मांदियाळीतला वेगळा, पुल्लिंगी शब्द. त्यात बापाची ताकद आधीच गृहीत आहे. पाडस आणि छावा एकमेकांच्या जागी ठेवून पाहा, दोन्ही पुस्तकं कोसळतात.

कचेरीत मात्र याच्या उलट गरज असते. तिथे शब्द कोरडा आणि सर्वांना सामावणारा हवा. महाराष्ट्र नागरी सेवेत लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाचे 2005 चे नियम आहेत. तिथे दोन अपत्यांची मर्यादा मोजताना 'मुलगे' म्हणून चालत नाही, 'लेकरं' म्हणून शोभत नाही. 'अपत्य' तिथे बरोबर बसतो, कारण त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. गोठेवाल्यांचं म्हणणं खरंच होतं : अपत्याचं घर कागदात आहे. आणि या कोरडेपणाची किंमत कमी लेखू नये. मूल नसलेल्या माणसाला आपण सर्रास 'निपुत्रिक' म्हणतो. घरात दोन मुली असल्या तरी तो शब्द तोंडात येतो. शब्दानं मुलींना मोजलंच नाही. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हिस्सा महाराष्ट्रानं 1994 साली दिला, केंद्राचा कायदा 2005 साली आला. कायदा सुधारला, शब्द अजून सुधारायचा आहे. 'निरपत्य' किंवा 'निःसंतान' म्हणावं, आणि तेही मुलगा-मुलगी कुणीच नसेल तेव्हाच.

प्रयोगशाळेत 'संतती'चं राज्य आहे. मेंडेलनं वाटाण्यावर केलेले प्रयोग 1866 साली छापून आले. त्यांतल्या झाडांना अपत्यं झाली म्हणणं चमत्कारिक आणि पिल्लं म्हणणं अशक्य. संततीच म्हणावं लागतं. खेचराचं उदाहरण या भागात मुद्दाम घेतलं आहे. घोड्याची गुणसूत्रं 64, गाढवाची 62. घोडी आणि गाढव यांच्या संकरातून झालेल्या खेचराची 63. ही विषम संख्या जुळत नाही म्हणून खेचराला बहुधा संतती होत नाही. इंग्रजीत या दोन वाक्यांत ऑफस्प्रिंग दोनदा येईल. मराठीत पहिल्या ठिकाणी 'संकरातून झालेलं' एवढंच पुरलं, दुसऱ्या ठिकाणी संतती लागली.

बोलीत शब्दांना स्वभाव चिकटतो. 'औलाद' अरबीत वलद या शब्दाचं अनेकवचन. मराठीत ते एकवचनी, स्त्रीलिंगी झालं आणि बहुतेक वेळा शिवी होऊन उरलं. 'कार्टं' रागाचं आणि लाडाचंही. 'चिल्लीपिल्ली' म्हटलं की घर भरल्यासारखं वाटतं. इंग्रज माणूस घरगुती गप्पांत स्वतःच्या मुलांना ऑफस्प्रिंग म्हणतो तेव्हा तो बहुधा गंमत करत असतो; शास्त्रातला शब्द स्वयंपाकघरात आणल्याची ती गंमत आहे. तिथे 'अपत्य' लिहिलं तर विनोद काहीसा टिकतो, 'आमचे चिरंजीव' लिहिलं तर रंगतो.

शेवटचा भाग लाक्षणिक वापराचा. कल्पना, युद्ध, भीती यांचेही इंग्रजीत ऑफस्प्रिंग असतात. इथे 'दुष्काळ हे युद्धाचे अपत्य आहे' असं लिहिण्याचा मोह आवरावा. मराठीनं हे काम एका चिमुकल्या शब्दावर सोपवलं आहे : पोटी. 'युद्धापोटी दुष्काळ आला', 'गैरसमजापोटी भांडण झालं', 'मायेपोटी बोलले'. आईच्या पोटी मूल जन्मतं, त्याच वाटेनं कारणापासून कार्य जन्मतं. रोज वापरून हा शब्द इतका झिजला आहे की त्यातलं पोट आपल्याला दिसत नाही. लेखकाच्या मनातून जन्मलेल्या पात्राला आपण मानसपुत्र, मानसकन्या म्हणतो, आणि कुणी खोडसाळ अफवा पसरवली तर त्यानं 'पिल्लू सोडलं' म्हणतो. एक कल्पना पुत्र, दुसरी पिल्लू. दोन्हींचा धनी असतोच. पिल्लू सोडणारा फक्त कबूल होत नाही.

पुस्तिकेची मांडणी अशी आहे : गोठा आणि शेत, घर, कचेरी, प्रयोगशाळा, आणि शेवटी अलंकार. प्रत्येक भागात आधी इंग्रजी वाक्याचा आशय, मग त्याचं सुचेल ते मराठी, मग बोलणाऱ्याच्या तोंडचं मराठी. मधली पायरी मुद्दाम ठेवली आहे. ती बहुतेक माझ्याच वह्यांतून घेतलेली आहे. आपण कुठे अडखळतो ते दिसल्याशिवाय पाऊल सुधारत नाही. एकाच उत्तराचा आग्रह धरलेला नाही. विदर्भात आणि कोकणात वासराला हाक मारण्याची तऱ्हा वेगळी असेल, तर वाचकानं समासात आपल्या गावचा शब्द लिहावा. त्यासाठी समास रुंद ठेवला आहे.

लहानपणी आजोळच्या गल्लीतून जाताना ओट्यावरच्या म्हाताऱ्या हमखास थांबवायच्या. नाव विचारायच्या नाहीत, इयत्ता विचारायच्या नाहीत. "कुणाचं रे तू?" एवढंच. आईचं नाव सांगितलं की सुरकुत्या हलायच्या, "अगंबाई, तिचं का!" आणि हातावर शेंगदाणे पडायचे. पुढे इतक्या कोशांतून हिंडलो, पण ऑफस्प्रिंगचं वाक्य लावताना अजूनही आधी तोच प्रश्न विचारतो. उत्तर गाय असलं तर कालवड, हरीण असलं तर पाडस, वाटाणा असला तर संतती, तलाठ्याचा कागद असला तर अपत्य. आणि उत्तरात आईचं नाव आलं, तर लेकरू.